लायसनवर 'हॅझार्डस'चा शिक्का पाहिजे म्हणतात, तीन दिवसांचा कोर्स खरंच करावा लागतो का?

बालाघाटाचा_पायथा
राम राम मंडळी. कामाचा प्रश्न आहे, जाणकारांनी सांगावं. माझा मावसभाऊ, वय २६, चार सीझन झाले उसाचा ट्रक चालवायलाय, हेवीचं लायसन पक्कं आहे. आता आमच्या बाजूच्या कारखान्याच्या डिस्टिलरीतून इथेनॉलचे टँकर मनमाडकडं तेल कंपन्यांच्या डेपोला जातात, तिथल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला ड्रायव्हर पाहिजे. पगार उसापेक्षा बरा आणि मुख्य म्हणजे कारखान्याचा पट्टा पडला की घरी बसायची पाळी नाही. पण तो म्हणला लायसनवर हॅझार्डसचा, म्हणजे धोकादायक मालाचा, शिक्का असल्याशिवाय डेपोच्या गेटातून आत सोडत नाहीत. पोरगं एजंटाकडं गेलं तर एजंट म्हणतो साडेचार हजार दे, दोन फोटो दे, आठ दिवसांत सर्टिफिकेट हातात, कुठं जायचं नाही यायचं नाही. मावशी म्हणते देऊन टाक आणि कामाला लाग. मला काय ते पटंना. आणि दुसरी अडचण, पोरगं दहावी नापास, मराठी फाडफाड वाचतंय पण इंग्रजी म्हणजे ट्रकच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज' एवढंच. कुणीतरी सांगितलं इंग्रजी आल्याशिवाय शिक्का नाही. खरं काय आहे?

रुईचं_झाड
आपल्याकडं टँकर म्हणलं की बायका हंडे घेऊन पळत येतात भाऊ. पोराला सांगा वाटेत कुठल्या गावात गाडी उभी करू नको, अर्धा टँकर खाली होईल आणि संध्याकाळी सगळं गाव गाणी म्हणेल.

कागदपत्र_काका
आरटीओच्या दारात बावीस वर्षं काढली, म्हणून सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम ९ काढून वाचा. धोकादायक माल वाहणारी गाडी चालवणाऱ्याकडं ट्रान्सपोर्टचं लायसन तर पाहिजेच, वर राज्य सरकारनं मान्यता दिलेल्या संस्थेतून कोर्स पास झाल्याचं सर्टिफिकेट पाहिजे. कोर्स तीन दिवसांचा. गाडी सांभाळून चालवणं, म्हणजे ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबते, रात्री, पावसात, घाटात कसं चालवायचं, हे त्यात आहेच. मग मालाची माहिती, म्हणजे धोक्याचा वर्ग, लेबल, मालाचा युएन नंबर, आग किंवा गळती झाली तर काय करायचं ते थोडक्यात सांगणारा हॅझकेम कोड आणि तेच सविस्तर लिहिलेलं ट्रेम कार्ड. ते सर्टिफिकेट लावून सरकारच्या लायसनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, मग लायसनवर नोंद होते. त्याला आपण शिक्का म्हणतो, आता शिक्का बिक्का काही मारत नाहीत, सगळं कॉम्प्युटरात.

भाषेचं म्हणाल तर नियमात असं आहे की घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता वाचता आली पाहिजे. 'आणि' लिहिलंय, 'किंवा' नाही.

पाटोदा_एक्सप्रेस
काका दहावी नापास चालत नाही ना पण? आठवी पासची अट होती म्हणे.

कागदपत्र_काका
ती आठवीची अट सगळ्याच ट्रान्सपोर्ट लायसनला होती, २०१९ ला काढून टाकली. नियम ९ मधली लिहिण्यावाचण्याची अट मात्र जागेवर आहे.

हायवे_बावन्न
काका तुमचा नियम बरोबर पण जमिनीवर काय चालतं ते बी सांगा की. मी स्वतः हा कोर्स केलाय, तीन दिवस बसलो, पहिल्या दिवशी एका सायबानं प्रोजेक्टर लावला तो बंद पडला, दुसऱ्या दिवशी चहा आणि भजी, तिसऱ्या दिवशी फोटो. निम्मे गडी मागं झोपले होते कारण रात्रभर गाडी चालवून आले होते. एवढं करून मला काय येतं? जे येतं ते उस्तादाकडून आलं. मग तीन दिवसांची हजेरी बुडवून साडेचार हजारात काम होत असंल तर पोराचं काय चुकलं? गरीबाचा रोज बुडतो त्याचा विचार करत नाही कुणी. उगं ज्ञान देऊ नये.

जालन्याचा_टँकरवाला
हायवे_बावन्न, तुझा उस्ताद चांगला निघाला म्हणून तू बोलायलास. सगळ्यांचे तसे नसतात.

मी आधी स्टीलच्या गाड्यांवर होतो, जालन्याच्या एमआयडीसीतून सळई घेऊन जायचो. सळईची गाडी आणि टँकर ह्यात फरक काय ते पहिल्या फेरीत कळलं. सळई बांधली की बांधली, ती हलत नाही. टँकरमधला माल जिवंत असतो. ब्रेक मारला की तो पुढं येतो, धडकतो, परत मागं जातो आणि गाडी थांबली असं वाटल्यावर पुन्हा एक धक्का देतो. कप्पा पूर्ण भरलेला असला तर एवढं नाही, अर्धा असला की लई वाईट. वळणावर माल एका अंगाला जातो, तू स्टेअरिंग सरळ केलं तरी माल सरळ व्हायला वेळ लागतो. पहिल्या महिन्यात येवल्याच्या अलीकडं एका वळणावर माझी मागची चाकं उचलल्यासारखी झाली, क्लीनर रडायला लागला. त्या दिवशी ठरवलं, जिथं ट्रकवाला ५० नं जातो तिथं आपण ३० नं जायचं, मागचा कितीबी हॉर्न मारू दे.

उसाच्या ट्रकवरून डायरेक्ट इथेनॉलवर जाणाऱ्या पोराला हे कुणी तरी सांगायला पाहिजे. कोर्समधी सांगितलं तर ठीक, नाही सांगितलं तर आधी एक महिना दुसऱ्या सीटवर बसवा.

हिरवी_मिरची
उसाच्या ट्रकला पण काय कमी धोका नसतो हो, दोन दोन ट्रॉल्या जोडून मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. आमच्या माजलगाव रोडला रात्री मोटरसायकल घेऊन जायचं म्हणजे जीव मुठीत.

रुईचं_झाड
ऊस कुठल्या वर्गात येतो? खाल्ला तर गोड, मागून धडकला तर वर्ग एक.

चिकलठाणा_लॅब
वर्गाचा विषय निघालाय तर सांगते. एकूण नऊ वर्ग. १ स्फोटकं, २ वायू, ३ पेट घेणारे द्रव, ४ पेट घेणारे घन पदार्थ, ५ ऑक्सिडायझर, ६ विषारी, ७ किरणोत्सारी, ८ गंजवणारे म्हणजे ॲसिड वगैरे आणि ९ म्हणजे बाकीचा सगळा गोतावळा. त्याशिवाय प्रत्येक मालाला चार आकडी युएन नंबर. पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, घरगुती गॅस १०७५, क्लोरीन १०१७, सल्फ्युरिक ॲसिड १८३०. तुमच्या मावसभावाचा इथेनॉल ११७०. गंमत म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांच्या वर मिसळला की तो १२०३ राहत नाही, त्याचा नंबर ३४७५ होतो. आता सगळीकडे वीस टक्केवालं पेट्रोल आहे, तुमच्या ओळखीच्या टँकरवर कोणता नंबर आहे ते एकदा बघा आणि मला सांगा.

कोर्सबद्दल माझं मत हायवे_बावन्न यांच्या उलट आहे आणि त्याला कारण आहे. पूर्वी ज्या कंपनीत होते तिथे ॲसिडचा टँकर यायचा. एकदा व्हॉल्व्हजवळून थेंब थेंब गळत होतं. ड्रायव्हर चांगला माणूस, मेहनती, त्याला वाटलं घाण झालीय, धुऊन काढू. बादलीभर पाणी ओतलं. तीव्र सल्फ्युरिकवर पाणी पडलं की ते तिथल्या तिथे उकळतं आणि ॲसिडसकट उडतं. हात कोपरापर्यंत भाजला त्याचा, डोळे चष्म्यामुळे वाचले, तो पण स्वतःचा नंबरचा चष्मा. त्याच्या लायसनवर हॅझार्डसची नोंद होती. नंतर विचारलं तर म्हणाला, ताई ते मालकानं काढून दिलं होतं, मला काय माहीत त्यात काय शिकवतात.

तेव्हापासून कुणी 'सर्टिफिकेट घरपोच' म्हणालं की मला ती बादली आठवते.

हायवे_बावन्न
ताई तुमची गोष्ट खरी असंल, मी नाही म्हणत नाही. पण मग त्या कंपनीची काही जबाबदारी नाही का? गेटवरचा माणूस, लॅबवाले, माल पाठवणारा, सगळे शिकलेले. आणि शिक्षा कुणाला? ड्रायव्हरला.

चिकलठाणा_लॅब
जबाबदारी आहे ना. पाठवणाऱ्यानं मालाची पूर्ण माहिती द्यायची असते. आमची चूक नव्हती असं मी म्हटलेलंच नाही. तो गेटवर आला तेव्हा त्याला कुणीच विचारलं नाही की बाबा मागं काय आहे ते तुला माहितीय का. मी पण नाही विचारलं.

कागदपत्र_काका
हायवे_बावन्नचा मुद्दा धरूनच बोलतो. नियम १२९ ते १३७ वाचले तर ड्रायव्हरपेक्षा मालकावर आणि पाठवणाऱ्यावर ओझं जास्त आहे. माल पाठवणाऱ्यानं धोक्याची माहिती द्यायची. मालकानं गाडीत प्रथमोपचार पेटी, सुरक्षेचं साहित्य, अवजारं द्यायची, ड्रायव्हरला नीट सूचना आणि शिक्षण मिळालंय ते बघायचं. गाडीवर इमर्जन्सी इन्फर्मेशन पॅनल, म्हणजे त्या पाटीवर मालाचं नाव, युएन नंबर, चिन्ह, आणीबाणीचा फोन नंबर. ड्रायव्हरनं लेखी माहिती केबिनमध्ये हाताशी ठेवायची, अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं. दंड पहिल्या वेळी दहा हजार, दुसऱ्या वेळी वीस हजार, शिवाय कैद होऊ शकते. ही झाली पुस्तकातली गोष्ट. पॅनलवरच्या फोन नंबरावर कुणी फोन लावून बघितलाय का कधी? मी एकदा लावला. लातूरच्या एका झेरॉक्सवाल्याला लागला.

रुईचं_झाड
झेरॉक्सवाला बरोबरच आहे की काका. सर्टिफिकेट तिथूनच निघतात.

धूर_आणि_पाणी
अग्निशमन दलातून रिटायर झालोय. ह्या धाग्यावर सगळे पाटीची चेष्टा करायलेत म्हणून लिहितो.

आम्ही जेव्हा घटनास्थळी पोचतो तेव्हा ड्रायव्हर बहुतेक वेळा बोलायच्या स्थितीत नसतो, नाहीतर पळालेला असतो. आमच्याशी बोलते ती पाटी. पेट्रोलच्या टँकरवर ३वायई असा हॅझकेम कोड असतो. पहिला आकडा सांगतो काय मारायचं, १ म्हणजे पाण्याचा झोत, २ म्हणजे पाण्याचा फवारा, ३ म्हणजे फोम, ४ म्हणजे कोरडी पावडर, पाणी अजिबात नाही. मधलं अक्षर सांगतं की श्वासाचं उपकरण लावा, भडका उडू शकतो, आणि माल गटारीत नाल्यात जाऊ देऊ नका, अडवा. शेवटचा ई म्हणजे लोकांना लांब काढायचा विचार करा. तीन अक्षरांत एवढं. पाटी चुकीची असली, किंवा कालच्या मालाचीच आज लावलेली असली, तर आम्ही चुकीचं औषध घेऊन आगीत जातो.

१ फेब्रुवारी २०२४ ची सकाळ संभाजीनगरच्या लोकांना आठवत असेल. सिडकोत जालना रोडवर उड्डाणपुलाजवळ गॅसचा टँकर दुभाजकाला धडकला आणि गळती लागली. काही तास पाणी मारत राहावं लागलं, आसपासची वीज बंद, लोकांना घरातला गॅस पेटवू नका म्हणून सांगावं लागलं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, खाली खड्ड्यात, तळघरात, गटारीत जाऊन बसतो. एक ठिणगी पुरते. त्या दिवशी ती पडली नाही. त्याच वर्षी २० डिसेंबरला जयपूर अजमेर रोडवर यू टर्न घेणाऱ्या टँकरला ट्रक धडकला, तिथं ती पडली. रस्ताभर गाड्या जळाल्या.

कळंबकर
सिडकोच्या घटनेच्या दिवशी माझी बहीण तिथंच सिडकोतल्या एन पाचला होती. तिचा फोन आला, म्हणे सकाळपासून चहा नाही. मला आधी हसू आलं, मग टीव्ही लावला आणि पाय गळाले.

पाटोदा_एक्सप्रेस
माझा एक डाऊट आहे. आम्ही बोअरच्या गाडीला आणि हार्वेस्टरला शेतावर डिझेल नेतो पिकअपमधी, दोनशे लिटरचे बॅरल तीनचार. मग आम्हालाबी हा शिक्का लागतो का? इथं वाचून टरकलो राव.

कळंबकर
लागतो. डिझेल ज्वलनशील आहे. लायसन पण लागतं स्फोटकं खात्याचं.

कागदपत्र_काका
कळंबकर, सरसकट तसं नाही. दोन वेगळे कायदे मिसळू नका. पेट्रोलियम ॲक्ट १९३४ चा, त्यातलं लायसन वेगळं आणि ड्रायव्हरच्या लायसनवरची नोंद वेगळी. पेट्रोलियमच्या कायद्यात डिझेल ब वर्गात, तिथं एकूण २५०० लिटरपर्यंत आणि एकेक भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसलं तर लायसन लागत नाही. पेट्रोल अ वर्गात, त्याला फक्त ३० लिटर आणि ते पण विकायला नसलं तरच. ह्या लायसनचं मोठं ऑफिस म्हणजे पेसो, तेच तुमचं स्फोटकं खातं, ते नागपूरला आहे. टँकरच्या टाकीचं लायसन तिथल्या नियमांनी मिळतं. पाटोदा_एक्सप्रेस, तुमचे बॅरल त्या हद्दीत बसतात, पण पिकअपमध्ये बॅरलावर बसून बिडी ओढणारा माणूस कुठल्याच नियमात बसत नाही.

पाटोदा_एक्सप्रेस
तुम्हाला कसं कळलं?? 😀 आमचे चुलते आहेत ते.

राईनकाठचा_नांदेडकर
मी गेली नऊ वर्षं जर्मनीत गोदामाच्या कामात आहे, इकडचं सांगतो. इकडे युरोपभर एडीआर नावाचा करार चालतो, १९५७ सालचा. ड्रायव्हरला त्याचं वेगळं कार्ड असतं, पाच वर्षं चालतं. आधी मूळ कोर्स, मग टँकर चालवायचा असेल तर त्याचा वेगळा, स्फोटकांचा वेगळा, किरणोत्सारी मालाचा वेगळा. परीक्षा खरोखर होते आणि लोक नापास पण होतात. शिवाय माल पाठवणाऱ्या कंपनीला स्वतःचा एक परीक्षा पास झालेला सुरक्षा सल्लागार ठेवावा लागतो, म्हणजे फक्त ड्रायव्हरच्या गळ्यात नाही. गाडीवर नारिंगी पाटी, वर धोक्याचा आकडा, खाली युएन नंबर. पेट्रोलला वर ३३, खाली १२०३. पुढे इंग्रजी एक्स असला तर समजायचं पाणी लागू द्यायचं नाही.

आपल्याकडे शिक्का एक वर्षच चालतो ना? म्हणजे दरवर्षी रिफ्रेशर. तसं बघितलं तर आपला नियम जास्त कडक.

कागदपत्र_काका
पूर्वी एक वर्ष होतं आणि एक दिवसाचा रिफ्रेशर. २०१९ च्या दुरुस्तीत तीन वर्षं केलं.

हायवे_बावन्न
नांदेडकर भाऊ तिकडं ड्रायव्हरला किती तास चालवू देतात ते पण सांगा की. इकडं डेपोच्या बाहेर आठ आठ तास लाईनमधी उभं राहायचं, ऊन, ना सावली ना संडास, मग गाडी भरली की मालक फोन करतो लवकर पोच. कोर्स तीन दिवसांचा करा नाहीतर तीस दिवसांचा, झोप कोण देणार?

राईनकाठचा_नांदेडकर
साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचंच, दिवसाला साधारण नऊ तास. यंत्रात नोंद होते. तुमचं म्हणणं मान्य आहे, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.

जालन्याचा_टँकरवाला
झोपेचं बोललास ते खरं बोललास पोरा. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोच्या लाईनीत मीबी लई राती काढल्यात.

अपघात झाला तर पोलीस ठाण्याला कळवा म्हणतात, मान्य. जानेवारी २०२४ चा संप आठवतो का, नव्या कायद्यात न कळवता पळून गेला तर दहा वर्षं म्हणून सगळ्या टँकरवाल्यांनी गाड्या लावून टाकल्या होत्या आणि दोन दिवसांत पंपांवर मैलभर रांगा. लोकांनी आम्हाला शिव्या दिल्या. पण थांबलं की लोक मारत्यात, पळालं की कायदा मारतो, हे कुणी बघत नाही. ते कलम सध्या थांबवलंय म्हणतात. आणि लोकांचं सांगू का, टँकर पलटी झाला की ड्रायव्हरला बाहेर काढायच्या आधी कॅन घेऊन येतात. पाकिस्तानात २०१७ ला बहावलपूरकडं असाच पेट्रोलचा टँकर पलटला, लोक भांडी घेऊन गेले, दोनशेच्या वर माणसं जळाली. आपले लोक वेगळे आहेत असं वाटतं का तुम्हाला?

हिरवी_मिरची
नाहीत वेगळे. आमच्या रोडला तेलाचा, खायच्या तेलाचा, टँकर कलंडला होता तर लोकांनी ताडपत्री पसरून तेल गोळा केलं. माझ्या शेजारणीनं त्याच तेलात दिवाळीची शंकरपाळी केली. खाल्ली मी पण. खोटं कशाला बोलू.

कळंबकर
पाण्याच्या टँकरचा विषय रुईच्या झाडानं चेष्टेत काढला पण मला खरंच विचारायचंय. दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते २०१६ चं साल, त्या उन्हाळ्यात आमच्या गावाला टँकर यायचा त्याच्या पाण्याला रॉकेलसारखा वास असायचा. चहा केला तरी यायचा. आजी म्हणायची गप प्या, ते तरी कोण देतंय. ते काय असंल?

चिकलठाणा_लॅब
बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण दुसऱ्या मालाचा जुना टँकर धुऊन पाण्याला लावला असला तर वास राहतो. टाकीच्या सांध्यात, पाइपात, झाकणाच्या रबरात माल मुरून बसतो, नुसत्या पाण्यानं निघत नाही. आणि तेलाची रिकामी टाकी तर भरलेल्यापेक्षा वाईट, आत वाफ असते. वेल्डिंग करायला घेतली की उडते.

रुईचं_झाड
म्हणजे पाण्याच्या टँकरला पण शिक्का पाहिजे. चेष्टा परत घेतो.

सुई_दोरा
मी कधी लिहीत नाही, नुसतं वाचते. आज लिहिते कारण इंग्रजीचा प्रश्न तसाच राहिला.

माझे वडील एकोणीस वर्षं गॅसचा टँकर चालवायचे, त्याला ते बुलेट म्हणायचे. आम्ही परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहायचो. इतक्या वर्षांत त्यांनी भरलेली गाडी एकदा पण गावात आणली नाही. फाट्यावर, वस्तीपासून लांब लावायचे आणि तिथून चालत यायचे, जेवायचे आणि परत चालत जायचे. आई भाजीभाकरी बांधून द्यायची तर म्हणायचे गाडीजवळ चूल पेटवणाऱ्यांच्यात मी नाही. खिशात काडेपेटी नसायची. गावातली लोकं म्हणायची लई भित्रा ड्रायव्हर आहे.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. सातवीपर्यंत शाळा. ते जे ट्रेम कार्ड म्हणतात ते त्यांच्या केबिनमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. मी आठवीत असताना त्यांनी ते घरी आणलं आणि म्हणाले, बाई, हे मला मराठीत लिहून दे. मला तरी कुठं एवढं येत होतं. शाळेतल्या मास्तरांकडून डिक्शनरी आणली, दोन रविवार लागले. दोनशे पानी वहीच्या मधलं पान फाडून मोठ्या अक्षरात लिहिलं. गळती झाली तर वारा जिकडून येतो तिकडं तोंड करून निघा, म्हणजे गॅस पाठीमागं राहतो. इंजिन बंद, बॅटरीचा स्विच बंद. लोकांना वाऱ्याच्या आडव्या अंगानं लांब न्या, सखल जागेत जाऊ नका. थंड गॅस अंगावर पडला तर चोळू नका. असं. ते पान त्यांनी खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि रिटायर होईपर्यंत वापरलं. नवीन ड्रायव्हर आला की त्याला वाचून दाखवायचे.

म्हणून मला वाटतं इंग्रजी यायला पाहिजे म्हणून पोराला अडवू नये, पण इंग्रजीतलं ते कार्ड त्याला कळत नसेल तर त्याच्या हातात स्टेअरिंग पण देऊ नये. दोन्ही खरं आहे. मधला रस्ता कागदाचा नाही, वहीच्या पानाचा आहे एवढं मला माहिती.

धूर_आणि_पाणी
ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. 'सखल जागेत जाऊ नका' हे वाक्य मी शहरात शिकलेल्या माणसांना ओरडून सांगितलंय आणि ते खाली पुलाखालीच जाऊन उभे राहिलेत.

सुई_दोरा
ते तीन वर्षांपूर्वी गेले. पण सांगते. 🙏

हायवे_बावन्न
ताई ते पान असलं तर फोटो टाका ना.

सुई_दोरा
पान गाडीबरोबर गेलं. त्या पोराला दिलं होतं जो त्यांच्या जागी आला.

बालाघाटाचा_पायथा
एवढे दिवस गायब होतो, माफ करा, कापूस वेचणी चालू होती आणि माणसं मिळंनात. धागा सगळा मावसभावाला वाचून दाखवला, म्हणजे त्यानंच वाचला, मराठीच आहे की. बादलीची गोष्ट वाचून मावशी पण गप झाली.

एजंटाला नाही म्हणलं. काकांनी सांगितल्याप्रमाणं मान्यता असलेली संस्था आहे का नाही ते आधी आरटीओत विचारून घेतलं आणि मग संभाजीनगरला तीन दिवस राहून कोर्स करून आला. वाळूजला एका मित्राच्या खोलीवर झोपायचा. हायवे_बावन्न यांचं पण थोडं खरंच निघालं, मागच्या बाकावर झोपणारे होते म्हणे, आणि एक सर चांगले होते, एक नुसते वाचून दाखवणारे. चांगल्या सरांनी सांगितलं इथेनॉलची ज्योत उन्हात जेमतेम दिसते, पेटलंय हे कळायच्या आत माणूस जवळ जातो. ते त्याच्या डोक्यात बसलंय. इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचायला लागलाय, नावाची सही इंग्रजीत करायला शिकला, परीक्षेत विचारलं तेवढं जमलं. लायसनवर नोंद झाली. गेल्या आठवड्यापासून जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून जायलाय, टँकरवाले मामांनी सांगितलं तसं, स्वतः अजून चालवत नाही. रस्त्यानं ढाब्यावर उभ्या टँकरांच्या पाट्या वाचून मला फोटो पाठवतो, १२०३, १८३०, परवा एकावर १०७५ लिहिलेलं आणि आत दूध होतं म्हणे.

आता तो सुई_दोरा ताईंच्या वडिलांसारखं ११७० चं पान मराठीत करायलाय. माझ्याकडून लिहून घेतंय. एका जागी अडलंय. तिथं लिहिलंय अल्कोहोल रेझिस्टंट फोम वापरा. ह्याला मराठीत काय लिहायचं?

चिकलठाणा_लॅब
साधा फोम अल्कोहोलवर टिकत नाही, अल्कोहोल त्यातलं पाणी शोषून घेतो आणि फेस बसतो. म्हणून वेगळा लागतो. 'अल्कोहोलवर न विरणारा फेस' असं लिहा.

जालन्याचा_टँकरवाला
एवढं लांब नको. आग लागल्यावर कोण वाचत बसतंय. 'दारूचा फेस' लिही, बंबवाल्याला बरोबर कळतं.

धूर_आणि_पाणी
बंबवाल्याला काही कळणार नाही हो मामा, तो समजेल ड्रायव्हर पिलाय. 'इथेनॉल आहे, साधा फोम चालत नाही' असं लिहा आणि खाली ११७० मोठा काढा.

रुईचं_झाड
आणि पानाच्या मागं लिहा, हे पाणी नाही, हंडे घेऊन येऊ नये.

बालाघाटाचा_पायथा
लिहिलं. दोन्ही बाजूंनी. खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवायलाय आत्ता.